तुराटीचा तारा, पोळ्याचे बैल अन् घटासारखा गहू : नाताळची सजावट घरातल्याच वस्तूंतून

मालेगाव (जि. वाशीम) : डिसेंबर अर्धा सरला की शाळेतून पोरगं निरोप घेऊन येतं. 'उद्या नाताळचा तारा करून आणायचा', 'घंटा आणायची', 'ख्रिसमस ट्री सजवून आणायचं'. निरोप येतो संध्याकाळी, वस्तू पाहिजे सकाळी. मग बाप गाडीला किक मारून स्टेशनरीच्या दुकानात जातो आणि प्लास्टिकचं मिळेल ते उचलून आणतो. तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी हा महिना तसाही ओढाताणीचा. सोयाबीनचा पैसा दिवाळीत आणि उधारी फेडण्यात गेलेला, हरभरा-गव्हाला पाणी देणं चालू, तूर अजून वावरात उभी. अशात चार दिवसांच्या चमचमाटावर शंभर-दोनशे रुपये जातात आणि जानेवारीत तीच वस्तू उकिरड्यावर दिसते.

ही खरेदी टाळता येते. नाताळच्या सजावटीत मुख्य गोष्टी चारच : तारा, गोठा, झाड आणि झिरमिळ्या. दिवाळीचा आकाशकंदील, नवरात्रातला घट, पोळ्याला बैलाचा साज, लग्नाचा मांडव यांत जे हात चालतात तेच इथंही चालतात. म्हणजे कसब घरात आहेच, सामानही आहे. फक्त कोणती वस्तू कुठं लावायची हे ओळखायला पाहिजे.

मालेगाव तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच आहेत. पण नाताळ जिल्ह्याला नवा नाही. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मिशनने १९३० च्या दशकात सुरू केलं, आणि तिथं बाळंतपणाला, ऑपरेशनला गेलेली माणसं या भागातल्या गावोगावी सापडतील. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे कुणाला जाणवत नाही. आता तर इंग्रजी शाळांमुळे हा सण ज्या घरी चर्चचा संबंध नाही तिथंही पोचलाय.

घरच्या वस्तूंची सजावट म्हणजे गरिबाघरची तडजोड, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथलं झाड आज जगभर टीव्हीवर दाखवतात. पण तिथलं पहिलं झाड १९३१ च्या डिसेंबरात बांधकामावरच्या मजुरांनी उभं केलं होतं. मंदीचे दिवस होते. मजुरांनी आपसात पैसे जमवून सुमारे २० फुटी झाड आणलं आणि त्यावर लाल बोरांसारख्या क्रॅनबेरी फळांच्या माळा, कागदी साखळ्या आणि काही पत्र्याचे डबे बांधले. घरच्या बायकापोरांनी केलेल्या माळाच त्या.

दुकानातून आणताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सजावटीसाठीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात तर मार्च २०१८ पासूनच आहे आणि राज्याच्या नियमात पहिल्या वेळचा दंड ५ हजार रुपयांचा आहे. फुग्याच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे हेही त्याच यादीत येतात. तरी थर्माकोलचे गोळे अन् तारे शाळेच्या प्रकल्पात अजून दिसतात. मुलांना पाचवीत पर्यावरण शिकवायचं आणि डिसेंबरात थर्माकोल आणायला लावायचं, हे काही जुळत नाही.

तारा : दहा काड्यांचं काम

सगळ्यात आधी तारा करावा. तो बाहेर टांगायचा असतो, लांबून दिसतो, आणि एकदा सांगाडा नीट झाला की चार-पाच वर्षं टिकतो.

सांगाड्याला तुराटी चालते. नवी तूर अजून उभी आहे, पण मागच्या हंगामातल्या तुराट्या कुडाला, कुंपणाला किंवा चुलीजवळ रचलेल्या असतातच. त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ अशा दहा काड्या निवडायच्या. प्रत्येक काडी २० इंचांची. वाळकी तुराटी वाकवताना कडकन मोडते म्हणून तीन-चार तास पाण्यात टाकून ठेवावी. बांबूच्या कामट्या मिळाल्या तर आणखी बरं. फाटक्या टोपलीतून किंवा जुन्या कंदिलातून निघतात. पऱ्हाटी मात्र या कामाला घेऊ नये, ती वाकडीतिकडी असते.

पाच काड्यांचा एक तारा. पोरं वहीवर पेन न उचलता जो पाच टोकांचा तारा काढतात, अगदी तसाच काड्यांनी जमिनीवर मांडायचा. इथं बहुतेकांचा घोळ होतो : एक टोक लांब, दुसरं आखूड, तारा लंगडा दिसतो. त्यावर सोपा उपाय आहे. २० इंचांच्या काडीवर दोन्ही टोकांकडून साडेसात इंचांच्या किंचित पुढे, म्हणजे ७.६ इंचांवर, खूण करायची. बरोबरच्या ताऱ्यात काड्या एकमेकींना याच खुणांवर छेदतात. काडी दुसऱ्या लांबीची असेल तर लांबीला ०.३८ ने गुणावं, खूण सापडते. खुणेवर खूण ठेवून गोधडीच्या दोऱ्याने आवळून बांधलं की तारा आपोआप सरळ येतो. गणिताच्या गुरुजींनी हे वर्गात करून घेतलं तर भूमितीचा तासही होऊन जाईल. जर्मनीत नीस्की गावच्या मोरावियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात असंच झालं होतं. मुलांना भूमिती शिकवण्यासाठी कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेतले, आणि पुढे तोच तारा त्या पंथाच्या घराघरांत नाताळला लागू लागला.

असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकमेकांना बांधायची. मग मधे, जिथं काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, तीन-तीन इंचांच्या आखूड काड्या दोन ताऱ्यांमध्ये आडव्या अडकवायच्या. घाई करू नये, एकेक काडी हळूहळू सरकवत न्यावी. ताऱ्याचं पोट फुगतं आणि आत दिव्याला जागा होते. फिलिपिन्स देशात नाताळला घरोघरी 'पारोल' नावाचा कंदील लावतात. तोही बांबूच्या काड्यांचा, कागद चिकटवलेला, खाली दोन शेपट्या सोडलेला. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच म्हणा.

कागद पतंगाचा घ्यावा, उजेड छान झिरपतो. पुढून एकच मोठा ताव चिकटवायचा मोह होतो, पण त्याला सुरकुत्या पडतात. प्रत्येक टोकाला वेगळा त्रिकोणी तुकडा आणि मधल्या पंचकोनाला एक, असं केलं की कागद ताठ बसतो. बाजूच्या फटींना लांबट पट्ट्या लावायच्या, पण खालच्या दोन टोकांमधली एक फट मोकळी सोडायची. दिवा तिथूनच आत जाणार.

चिकटवायला खळ पुरते. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवायचा. कणकेचीही होते, पण कोंड्याचे ठिपके पांढऱ्या कागदावर दिसतात. जुने बुकबाईंडर किडीसाठी खळीत मोरचूद टाकायचे. ते विषारी असतं, लेकरं हाताळणार असतील तर अजिबात टाकू नये. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

गोठा : इथं मालेगावचा हात धरणारा नाही

शहरातल्या माणसाला नाताळचा गोठा करायचा तर कागदी गवत आणि प्लास्टिकचे प्राणी विकत आणावे लागतात. इथं खरा गोठा घरामागे आहे. येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला आणि बाळाला गव्हाणीत ठेवलं, अशी ती कथा. तिचा देखावा करण्याची प्रथा असिसीचे संत फ्रान्सिस यांच्यापासून सांगतात. त्यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि वाळलेलं गवत आणून तो प्रसंग उभा केला होता. म्हणजे मूळ गोठ्यात विकतचं काहीच नव्हतं.

बुटाचं नाहीतर मोबाइलचं खोकं आडवं ठेवलं की खोली झाली. छताला कडब्याची पात किंवा गव्हाचं काड कापून ओळीने चिकटवायचं, खालची ओळ आधी आणि वरची नंतर, खऱ्या छपरासारखं. कुडाला तुराटीच्या बारीक काड्या, जमिनीवर सोयाबीनचं मूठभर कुटार. गव्हाण म्हणजे आगपेटीचं आतलं खण.

बैल घरात असतातच. पोळ्याला पुजलेले मातीचे बैल कोनाड्यात ठेवलेले असतील, किंवा लेकराचा चाकाचा लाकडी बैल असेल. काही घरी पुजलेली वस्तू दुसरीकडे वापरणं पटत नाही, त्यांनी खेळण्यातला घ्यावा. पोळ्यातली उरलेली बेगड, गोंडे, एखाददुसरं घुंगरू हेही याच वेळी बाहेर काढून ठेवावं. पुढं लागणार आहे.

माणसं, मेंढरं करायची तर माती लागते, आणि इथं एक अडचण आहे. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पण वाळली की तडकते. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने. म्हणून नुसती काळी माती घेऊ नये. जुन्या वह्यांचे कागद रात्रभर भिजवून केलेला लगदा त्यात निम्म्याला निम्मा मळावा आणि चित्रं सावलीत वाळवावीत, उन्हात नाही. नुसत्या लगद्याचीही चित्रं होतात. पूर्वी कागदाच्या लगद्यात भिजवून वाटलेली मेथी घालून टोपल्या करायचे, घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं तर प्रमाण बरोबर सांगतील. मेथीने लगदा चिवट होतो आणि कीड लागत नाही. रंगाला गेरू, चुना, हळद आणि काजळी पुरते.

गोठ्याभोवतीची हिरवळ ही या सगळ्यातली उत्तम गोष्ट. गोवा-मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी ताटलीत धान्य रुजवून त्याचे कोवळे कोंब गोठ्याजवळ ठेवतात. आपल्याकडच्या बायांना हे वेगळं शिकवायला नको. घट बसवला की गहू असाच पेरतात. फरक हवेचा. नवरात्रात उकाडा असतो, नऊ दिवसांत कोंब वीतभर वाढतात. डिसेंबरात रात्री थंडी पडते, वाढ मंद होते. म्हणून गहू १०-१२ तास भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावरच पेरावा आणि तोही १२ ते १४ डिसेंबरच्या दरम्यान. ताटलीत मातीचा दोन बोटं थर पुरतो. घटाचे कोंब अंधारात पिवळे होतात आणि ते पिवळेच शोभतात. इथं हिरवे पाहिजेत, तर ताटली दिवसा उन्हात ठेवावी आणि कोंबड्यांपासून सांभाळावी.

झाड

सूचिपर्णी झाड इकडं उगवत नाही, आणि त्यासाठी कुणाच्या धुऱ्यावरचं किंवा जंगलातलं हिरवं झाड तोडणं तर नकोच. बाभळीची वाळून पडलेली फांदी मातीच्या कुंडीत किंवा तेलाच्या डब्यात रोवली की काम भागतं. चुना मारला की ती पांढरीफेक दिसते. काटे हेच हुक. लहान पोरांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवरचे तेवढे मोडून टाकावे.

जागा कमी असेल तर भिंतीवरचं झाड करावं. तुराटीच्या नऊ काड्या घ्यायच्या, सगळ्यात मोठी दोन फुटांची, प्रत्येक पुढची अडीच इंचांनी आखूड. सुतळीच्या दोन दोऱ्यांवर शिडीसारख्या आडव्या बांधायच्या, मोठी खाली आणि छोटी वर. खिळ्याला अडकवलं की झाड तयार, सण झाला की गुंडाळून माळ्यावर.

त्यावर कापसाचा बर्फ टाकायची चाल आहे. बर्फ युरोपातल्या भेटकार्डांवरून इकडं आला; मालेगावात तो कधी पडणार नाही, पण कापूस घरचा आहे. फक्त एक गोष्ट पक्की : जिथं कापूस आहे तिथं मेणबत्ती, पणती, अगरबत्ती नाही. कापूस वातीसारखा पेट घेतो आणि कागद, काडी शेजारीच असते.

पत्रिका, पुड्या, कप

लग्नसराईतल्या पत्रिका प्रत्येक घरी ढीगभर असतात. कागद जाड, सोनेरी, कधी कधी मखमली. विकतच्या कार्डशीटपेक्षा सरस. त्यावर गणपती असतो, कुलदैवताचं नाव असतं, म्हणून लोक कापायला कचरतात आणि टाकवतही नाहीत. तो भाग आधी वेगळा काढून ठेवावा, बाकीचा वापरावा. या पत्रिकांचा गोळा फार सुरेख होतो. बांगडी ठेवून २० गोल आखायचे, कापायचे. प्रत्येक गोलात तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण बसवून कडेचे तीन पाकळ्यांसारखे भाग वर दुमडायचे. मग पाकळीला पाकळी चिकटवत पाच गोलांची एक टोपी, पाचांची दुसरी, आणि उरलेल्या दहांचा उलटसुलट लावून पट्टा. पट्ट्याची टोकं जोडली की कडं होतं. वर एक टोपी, खाली दुसरी. पहिल्या गोळ्याला तास लागतो, दुसऱ्याला अर्धा. चकचकीत पत्रिकेवर खळ धरत नाही, तिथं फेविकॉल लावावा.

चिप्स-कुरकुऱ्यांच्या पुड्या आतून चांदीसारख्या असतात. तो कागद नसतो, चंदेरी मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. मुठीत चुरगाळून सोडलं की पुन्हा उलगडतं, त्यावरून ओळखावं. साबणाच्या कोमट पाण्याने तेल काढल्याशिवाय वापरू नये, नाहीतर रात्रीतून मुंग्या लागतात. कात्रीने बारीक पट्ट्या कापून दोऱ्याला गाठी मारल्या की झिरमिळ्या होतात. विकतच्या चमकीपेक्षा हे बरं. चमकीचे कण झाडूत येत नाहीत, लेकरांच्या डोळ्यात जातात. युरोपीय संघाने प्लास्टिकच्या सुट्या चमकीवर २०२३ मध्ये बंदीच आणली.

चहाचे कागदी कप धुऊन उलटे केले की घंटा. बाहेरून बेगड लावायची, बुडाला भोक पाडून दोरा ओवायचा, आत पोळ्याचं घुंगरू. कपाला आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे आतल्या बाजूला खळीने काही चिकटवायला जाऊ नये.

लाह्यांची माळही करता येते, पण मक्याच्या लाह्यांची. ज्वारीच्या लाह्या लहान, सुई लागली की फुटतात. मक्याच्याही ताज्या न घेता आदल्या दिवशीच्या, थोड्या मऊ पडलेल्या घ्याव्या. उंदरांचा त्रास असलेल्या घरात मात्र ही हौस करू नये.

दिवा लावताना

ताऱ्यात मेणबत्ती लावू नये, जुना पिवळा ४० वॅटचा बल्बही नको. त्याची बरीचशी वीज उजेडाऐवजी उष्णतेत जाते आणि काचेला टेकलेला कागद करपतो. अर्ध्या वॅटचा एलईडी नाईट बल्ब पुरतो, अंगणातून दिसण्याइतका उजेड देतो. होल्डर ताऱ्याच्या मधोमध लोंबकळत राहील असा बांधावा, काडीला किंवा कागदाला टेकू नये. दिवाळीची लाईटची माळ पुन्हा वापरणार असाल तर आधी दिवसा, प्लगला न लावता, वायर बोटाबोटाने तपासावी. उंदराने कुरतडलेली जागा याच वेळी सापडते. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, इन्सुलेशन टेप लागते. वायर पत्र्याच्या कडेवरून किंवा लोखंडी खिडकीतून ओढू नये. कडेला वायर कापली गेली तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो, आणि सकाळच्या दवाने पत्रा ओला असतो. झोपताना बटण बंद.

शाळेत हे करायचं असेल तर कार्यानुभवाचा तास किंवा दप्तराविना भरणारा शनिवार आहे. मुलांना घरून काय आणायचं ते आठवडाभर आधी सांगितलं तर पालकांची धावपळ वाचेल. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द फळ्यावर दरवर्षी लिहिले जातात. अरविंद गुप्ता यांनी तर आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी असल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करत उभं आयुष्य काढलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर मराठीतही फुकट आहेत. एक तारा चार मुलांनी मिळून करावा, प्रत्येकाने वेगळा नाही. काड्या धरायला दोन जोड्या हात लागतातच. आणि गुण द्यायचेच असतील तर विकत आणलेल्या ताऱ्याला कमी द्यावेत.

ख्रिस्ती घरांत ही सजावट ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात. त्यानंतर उतरवताना पुड्यांच्या झिरमिळ्या चुलीत घालू नयेत, तो धूर घातक असतो. त्या सुक्या कचऱ्यात द्याव्या किंवा पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवाव्या. लाह्या कोंबड्यांना, गव्हाचे कोंब शेळीला, कुटार परत गोठ्यात. ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने पुसला की खळ सुटते आणि तो अलगद निघतो. सांगाडा आढ्याच्या खुंटीला टांगून ठेवावा. दिवाळीला त्यावर नवा कागद चढवता येतो.